पांढरी पाच, किंचित चढी

आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या घरात गेल्या गणपतीनंतर एक आवाज राहायला आला. लॅपटॉपची वायर अ‍ॅम्प्लिफायरला जोडली, की गाणे सुरू होण्याच्या आधीच स्पीकरमधून ‘घूं’ असा अखंड स्वर निघू लागे. गाणे चालू असताना तो मागे दबा धरून बसे आणि दोन कडव्यांमधल्या शांततेत निर्लज्जपणे पुढे येई. अ‍ॅम्प्लिफायर मी स्वतः बनवलेला आहे. १९९१ साली, कॉलेजात असताना, लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून तो मी जोडला आणि त्याच्या पाठीवर २एन३०५५ जातीचे, शंकरपाळ्याच्या आकाराचे चार ट्रान्झिस्टर अजून दिमाखात बसलेले आहेत. त्या साली घडवलेली आणि अद्याप चालू स्थितीत असलेली ही घरातली एकमेव वस्तू आहे, असे मी एकदा कौतुकाने म्हणालो, तेव्हा पत्नीने त्या वस्तूकडे न पाहता माझ्याकडे नखशिखांत पाहिले होते.

मला इलेक्ट्रॉनिक्स येत नाही असे नाही, आणि येते असेही नाही. पूर्ण अडाणी माणूस यंत्र दुकानात टाकून मोकळा होतो आणि पूर्ण जाणता माणूस ते घरी दुरुस्त करतो. आमच्यासारख्या अधल्यामधल्या छांदिष्टाला मात्र मदत मागतानाही आपल्याला सगळे कळते असा चेहरा ठेवावा लागतो, आणि त्या चेहऱ्यामुळे समोरचा सोपे प्रश्न विचारीत नाही.

पहिली मदत घरातूनच मागितली. माझा भाचा ऐरोलीला एका कंपनीत संगणकाचेच काम करतो. त्याने माझे म्हणणे निम्म्यावर तोडून विचारले, “मामा, ड्रायव्हर अपडेट केलास का?” लॅपटॉपचा आवाज शून्यावर नेला तरी घूं तेवढाच राहतो, तेव्हा ड्रायव्हरचा त्याच्याशी काही संबंध नसावा, असे मी नम्रपणे सुचवले. त्यावर तो रविवारी जातीने आला, दोन वाट्या मिसळ खाल्ली आणि “आपण सरळ फॉरमॅट मारू” असे म्हणून त्याने तो मारलाही. संध्याकाळी सगळे पुन्हा जोडले, तेव्हा घूं जागच्या जागी होता. माझा मराठी कळफलक मात्र गेला होता.

मग सोसायटीचा इलेक्ट्रिशियन आला. हा गृहस्थ कोणत्याही बिघाडाकडे टेस्टर कानावर ठेवून पाहतो. त्याने दोन्ही प्लग उपसले, अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगची वरची जाड पिन अंगठ्याने चाचपली आणि खिशातून पक्कड काढीत म्हणाला, “काका, ही पिन उडवतो. आवाज जागच्या जागी बंद.” मी त्याचा हात धरला. अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीला आत कधी २३० व्होल्टची तार टेकली, तर तो प्रवाह त्या जाड पिनेतून जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. पिन नसेल तर तो पेटीला हात लावणाऱ्याची वाट पाहत थांबतो. हे सारे मी त्याला साग्रसंगीत सांगितले. “मग राहू द्या आवाज,” असे म्हणून त्याने व्हिजिटचे दोनशे रुपये घेतले. त्याचे निदान खरे तर सत्याच्या वीतभर अंतरावर पोहोचले होते, पण हे मला पुष्कळ उशिरा कळले.

दोष लॅपटॉपचा की अ‍ॅम्प्लिफायरचा, हे ठरवण्यासाठी मी लॅपटॉपच्या जागी फोन जोडायचे ठरवले. माझ्या फोनला हेडफोनचे गोल भोक नाही. चार्जिंगच्या भोकात बसणारा छोटा कन्व्हर्टर आणायला स्टेशन रोडवर गेलो. हे कन्व्हर्टर दोन जातींचे असतात. एकाच्या पोटात आकड्यांचा आवाज करणारी चिप असते, दुसऱ्याच्या पोटात नुसत्या तारा असतात आणि तो फोनच आवाज तयार करून देईल या आशेवर जगतो. बाहेरून दोघे जुळे भाऊ. मी अर्थात दुसरा आणला, आणि माझा फोन तसला आवाज देणाऱ्यांपैकी नसल्यामुळे घरी नीरव शांतता पसरली. घूं गेला म्हणून मी पाच मिनिटे आनंदातही होतो.

बदलून घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने चिपवाला कन्व्हर्टर लावून, त्यात स्वतःचा हेडफोन खुपसून माझ्या कानाला दिला. “ऐका अंकल, एकदम क्लिअर.” मी ऐकले. तबला होता, व्हायोलिन होते, दूर कुठे तरी विहिरीत घुमल्यासारखी पेटीही होती; गायिका नव्हती. मी तसे सांगितले. दुकानदाराने हेडफोन स्वतःच्या कानाला लावला आणि “म्युझिक आहे ना?” असे विचारले. प्लग दोन मिलिमीटर बाहेर राहिला होता, एवढेच झाले होते. अशा वेळी दोन्ही कानांची सामाईक तार टेकत नाही आणि डाव्या-उजव्यातला फक्त फरक ऐकू येतो. गायिका ध्वनिमुद्रणात बरोबर मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखी असते, त्यामुळे वजाबाकीत तीच नेमकी जाते. जुने मोनो गाणे लावले असते तर वाद्यांसकट सारी मैफलच उठून गेली असती. मी प्लग दाबला, टक झाले आणि बाई समेवर आल्या. दुकानदार म्हणाला, “बघा, सेट झाला पीस.”

फोन जोडला, तर घूं नाही. म्हणजे गुन्हेगार लॅपटॉप, असा निकाल मी त्याच रात्री दिला आणि दुसऱ्या दिवशी त्याला त्याच्या अधिकृत दुरुस्ती केंद्रात नेले. तिथे टोकन होते, वातानुकूलन होते आणि “आपली अडचण आम्ही समजू शकतो” असे म्हणणारी एक मुलगी होती. चार दिवसांनी मदरबोर्ड बदलावा लागेल असा निरोप आला. खर्च साडेचौदा हजार. आवाज ऐकलात का, असे मी विचारले, तर “आमच्याकडे तो इश्यू येत नाही, पण बदलल्यावर तुमच्याकडेही येणार नाही” असे उत्तर मिळाले. मी लॅपटॉप परत आणला.

त्या रात्री मी चिडून अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज पुरा वाढवून, जमिनीवर पालथा पडून, स्पीकरच्या जाळीला कान लावून बसलो होतो, तेव्हा दारावरची बेल वाजली. शेजारच्या गायनाच्या बाई होत्या. भिंतीपलीकडे त्यांचा क्लास चालतो आणि खालचे स्वर भिंतीला जुमानत नाहीत. मी क्षमा मागायला तोंड उघडले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवले, डोळे मिटले आणि उंबऱ्यावर उभ्या राहूनच तो घूं पुरता ऐकून घेतला.

“पांढरी पाच,” त्या म्हणाल्या. “किंचित चढी. आणि अगदी खर्जातली.”

इतक्या दिवसांत त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकणारे हे पहिले माणूस. मी त्या गेल्यावर कागद घेतला. पांढरी पाच, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी, सप्तकामागून सप्तक खाली नेत गेले, की ४९ हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४९ कंपनांवर येते. आपल्या घरातली वीज ५० हर्ट्झची. म्हणजे किंचित चढी! आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आतली वीज सपाट करणारे जुने कपॅसिटर थकले असते, तर आवाज १०० हर्ट्झचा, म्हणजे एक सप्तक वरचा आला असता. माझे १९९१ सालचे काम निर्दोष सुटले होते. पत्नीला झोपेतून उठवून हे सांगितले, त्याचा वृत्तान्त इथे देत नाही.

पण पन्नासचा सूर येतो कुठून, हे तरीही कळेना. १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली आगगाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली. तेव्हापासून ठाणेकराला काही विशेष हवे असले, की त्याला उलट दिशेची गाडी पकडावी लागते. मी लॅपटॉप पाठीला लावून दादरला गाडी बदलली आणि ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरच्या एका वीतभर दुकानात गेलो. आतला म्हातारा राळेच्या धुरात एका सर्किटला डाग देत होता. मी आरंभापासून सांगू लागलो: ट्रान्झिस्टर, ड्रायव्हर, मदरबोर्ड, पांढरी पाच. त्याने मान वर न करता विचारले,

“चार्जर काढून ऐकलंत?”

मी गप्प राहिलो. दोन महिने, दोन कन्व्हर्टर, एक फॉरमॅट आणि ठाण्यापासून इथवरचा प्रवास यांत मी एकदाही चार्जर काढून ऐकले नव्हते.

“फोन बॅटरीवर होता, म्हणून गप्प होता,” तो म्हणाला, आणि डाग देऊन झाल्यावर त्याने मला पाठकोऱ्या बिलावर चित्र काढून दाखवले. अ‍ॅम्प्लिफायर हॉलमधल्या बोर्डातून अर्थिंग घेतो आणि लॅपटॉपचा तीन पिनांचा चार्जर आतल्या खोलीतून. या दोन तारा मीटरपाशी एकत्र येतातच. त्यात मी गाण्याच्या वायरने दोघांना आणखी एकदा जोडले, की घरभर पसरलेले एक वेटोळे पुरे होते. दोन ठिकाणच्या अर्थिंगमध्ये केसाएवढा फरक असतो, त्यापायी पन्नासचा प्रवाह गाण्याच्या वायरीच्या जाळीतून फेऱ्या मारतो आणि अ‍ॅम्प्लिफायर बिचारा त्याला गाणे समजून मोठा करतो. याला ग्राउंड लूप म्हणतात. “आधी दोन्ही एकाच बोर्डात लावा. तरी राहिला तर हे लावा,” असे म्हणून त्याने काड्यापेटीएवढी एक डबी पुढे सरकवली. आत दोन चिमुकले ट्रान्सफॉर्मर. गाणे चुंबकत्वाच्या वाटेने पलीकडे जाते, तार मात्र तुटलेली राहते आणि अर्थिंगच्या पिनेला हात लावावा लागत नाही. साडेतीनशे रुपये.

एका बोर्डात लावल्यावर घूं निम्मा झाला, डबी लावल्यावर साफ गेला. स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालचे स्वर थोडे खातात, त्यामुळे डग्गा जरा आजारातून उठल्यासारखा वाटतो. पण दोन कडव्यांच्या मध्ये आता गायिकेने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू येतो.

चौथ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. बाई होत्या, आणि त्यांच्यामागे वह्या छातीशी धरलेल्या तीन मुली.

“अहो, तो तुमचा सूर बंद केलात का?”

मी अभिमानाने हो म्हणालो. बाईंचा चेहरा पडला. त्यांचा इलेक्ट्रॉनिक तंबोरा महिन्यापूर्वी बंद पडला होता आणि दुरुस्तीवाला बोर्ड बदला म्हणत होता. तोवर मुलींना भिंतीतून येणाऱ्या पांढरी पाचवर बसवले होते. “गळ्याला सोयीची पट्टी आहे हो. आणि तो कधी उतरत नसे.” उतरेल कसा? देशभरची वीज ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या आत ठेवायला माणसे रात्रंदिवस डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. एवढी सेवा कोणत्या तंबोऱ्याला मिळते?

त्यांचा तंबोरा सध्या माझ्या टेबलावर उघडून ठेवलेला आहे. भाच्याने फोनवरून त्यात सॉफ्टवेअर असते का, अशी चौकशी केली. तूर्त मंगळवारी आणि शुक्रवारी साडेपाच वाजता मी डबी काढतो, चार्जर आतल्या खोलीतल्या बोर्डात लावतो आणि आवाज वाढवतो. भिंतीवर दोनदा टकटक झाली, की आणखी थोडा.