घंटागाडी बंद होणार नाहीये, मेसेज खोटा आहे
जुळे सोलापुरात सकाळपासून फिरतंय की घंटागाडी बंद होणार अन् कचऱ्याचे महिना दीडशे रुपये सगळ्यांना कंपल्सरी. साफ खोटंय. आपण चार गल्ल्या मिळून संध्याकाळची जादा गाडी लावायची का एवढंच विचारतोय, कारण सकाळी घंटा वाजते तेव्हा ड्युटीवाले घरी नसतात, मग पिशवी कोपऱ्यावर, कुत्री फाडतात आणि भाकरीचे तुकडे, डायपर रस्ताभर. त्यासाठी फिरवतोय त्या कागदावरची सही म्हणजे फक्त मत, पैशाची हमी नाही. 'नको' म्हणणाऱ्यांचीपण सही पाहिजे, खरं तर त्यांचीच जास्त. दीडशेचा आकडा कुठनं काढला देव जाणे, रेट अजून कुणाला विचारलेलाच नाही. ओला-सुका वेगळा करणं मात्र ऐच्छिक नाही बरं का, ते २०१६ पासून घनकचऱ्याच्या नियमातच आहे.