क्लाउनफिशच्या पिल्लांना अंड्याचा बलक घालू नका

गेल्या रविवारी सकाळी रत्नागिरीहून भाच्याचा फोन आला. "मावशी, दोन्ही निमो गेले गं. रात्री नीट पोहत होते, सकाळी बघतो तर तळाशी आडवे." निमो म्हणजे समुद्रातला नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश. आवाज रडवेला झाला होता. 19 वर्षांचा मुलगा. वडिलांकडून 22 हजार रुपये मागून घेतले, टाकी, पंप, लाइट, मासे सगळं एका दिवसात आणलं आणि तिसऱ्या दिवशी टाकी रिकामी. हे कुणाच्या सांगण्यावरून केलंस म्हणून विचारलं, तेव्हा त्याने व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक मेसेज मला पुढे पाठवला. हाच मेसेज गेल्या दोन महिन्यांत मला चार ग्रुपवर आला होता. दरवेळी मी तो वाचून सोडून दिला. सोडायला नको होता.

'घरबसल्या निमो पैदास, महिना 1 लाख' असं त्याचं शीर्षक. आत सांगितलंय ते असं: साध्या पाण्यात मीठ विरघळवा. दुकानातून नर-मादी जोडी मागून घ्या. अ‍ॅनिमोन (समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्याने राहतात तो फुलासारखा जीव) हवंच, त्याशिवाय मासे अंडी घालत नाहीत. सजावटीला किनाऱ्यावरून प्रवाळाचे तुकडे आणा. अंडी दिसली की नराला बाहेर काढा, नाहीतर तो खाऊन टाकतो. पिल्लांना उकडलेल्या अंड्याचा बलक पाण्यात कालवून घाला. दर 15 दिवसांनी 500 पिल्लं, नगाला 100 रुपये, हिशेब तुम्हीच करा.

मी ठाण्यात घरी ओसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची पिल्लं वाढवते, त्याला आता सहा वर्षं झाली. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी मीठ, कारण भाच्याचे मासे गेले त्यात याचा मोठा वाटा. त्याने बोअरच्या पाण्यात बाजारातलं जाडं मीठ घातलं होतं. कोकणातल्या माणसाला वाटतं, मीठ समुद्राचंच तर आहे, पाण्यात परत घातलं की झाला समुद्र. तसं होत नाही. मिठागरात पाणी आटत जातं तेव्हा चुना आणि जिप्सम आधीच खाली बसतात, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम उरलेल्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी आगरी माणूस काढून टाकतो. म्हणजे पोत्यात येतं ते जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या एका लिटरमध्ये साधारण 400 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 1300 मिलिग्रॅमच्या आसपास मॅग्नेशियम असतं, शिवाय पाण्याचा पीएच 8.1 ते 8.3 ला धरून ठेवणारे कार्बोनेट क्षार. हे सगळं मत्स्यालयासाठी मिळणाऱ्या मरीन सॉल्टमध्ये असतं. ते आरओच्या पाण्यात लिटरला साधारण 35 ग्रॅम घालायचं आणि रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या साधनावर, 1.025 येईपर्यंत मोजायचं. चवीवरून किंवा चमच्याने मोजून चालत नाही.

आणि पाणी बरोबर झालं तरी मासे त्याच दिवशी सोडायचे नाहीत. माशांच्या मूत्राविष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून विषारी अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला तीन ते सहा आठवडे लागतात. मेसेजमध्ये या आठवड्यांचा उल्लेखच नाही. भाच्याने टाकी भरली त्याच संध्याकाळी मासे सोडले. ते दोन दिवस जगले.

नर-मादी जोडीचा मुद्दा सरळ खोटा आहे. दुकानात येणारे छोटे क्लाउनफिश नरही नसतात आणि मादीही नसतात, अजून काहीच ठरलेलं नसतं. दोघांत जो मोठा आणि दांडगा होतो तो मादी होतो, दुसरा नर. मादी मेली तर नराचीच मादी होते. उलटा प्रवास मात्र नाही, एकदा मादी झालेली परत नर होत नाही. म्हणून दुकानदाराला 'जोडी द्या' म्हणण्यात अर्थ नाही. एक लहान आणि एक त्याहून ठळक मोठा असे दोन लहान वयाचे मासे घ्यायचे, आणि एकाच टाकीत वाढवायचे. दोन मोठ्या माद्या एकत्र आल्या तर एकमेकींना जिवंत सोडत नाहीत. जोडी जमून पहिली अंडी यायला वर्ष, कधी दीड-दोन वर्षं लागतात. तोवर कोळंबी, माकूल असं ताजं खाणं बारीक करून दिवसातून दोन-तीनदा द्यायचं आणि पाणी 26 ते 28 अंशांत ठेवायचं.

अ‍ॅनिमोन लागत नाही. माझ्याकडे कधीच नव्हतं. कुंडी आडवी ठेवली तरी जोडी तिला आपलं घर मानते. अ‍ॅनिमोन सांभाळणं माशांहून कितीतरी अवघड आहे, आणि मेलं की टाकी नासवतं.

प्रवाळाबद्दल एकच सांगते, आणि हे गमतीने घेऊ नका. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्री पंखे हे सगळे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या शेजारी. किनाऱ्यावरून उचललेला तुकडा घरात सापडला तर तो गुन्हा आहे. मेसेज पुढे पाठवणारा तुमच्या मुलाला गुन्हा करायला सांगतो आहे.

आता ज्या दोन मुद्द्यांसाठी मी मुळात हे लिहायला बसले ते. नराला बाहेर काढा, आणि पिल्लांना बलक घाला.

नर अंडी खातो हे अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करते. नवी जोडी पहिली एक-दोन, कधी चार-पाच वेळची अंडी फस्त करते. पण अनुभवी नर खातो ती बुरशी धरलेली, न फळलेली अंडी, आणि ती काढली नाहीत तर बुरशी शेजारच्या अंड्यांवर पसरते. बाकी दिवसभर तो काय करतो ते एकदा टाकीसमोर बसून बघावं. कुंडीच्या आतल्या भिंतीला नारिंगी अंड्यांचा रुपयाच्या नाण्याहून थोडा मोठा डाग असतो. नर त्याला जवळजवळ चिकटून उभा राहतो, छातीजवळचे दोन्ही पर हातपंख्यासारखे हलवत राहतो, मधेच थांबून तोंडाने अंडी हलकेच चोखल्यासारखी साफ करतो, आणि परत वारा घालायला लागतो. मादी मागे फिरत असते, हात घातलात तर चावते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी नारिंगी रंग तपकिरी होतो. सहाव्या-सातव्या दिवशी अंड्यांमधून चंदेरी डोळे बाहेर बघताना दिसतात, शेकडो डोळे. तो वारा थांबला तर आतल्या जिवाला ऑक्सिजन मिळत नाही. नराला बाहेर काढलंत तर सगळी अंडी दोन दिवसांत पांढरी पडतील. मेसेज लिहिणाऱ्याने हे दृश्य एकदाही बघितलेलं नाही, याबद्दल मला शंका नाही.

साधारण आठव्या रात्री, लाइट बंद झाल्यावर तासा-दोन तासांत पिल्लं फुटतात. त्या संध्याकाळी मी कुंडी उचलून वेगळ्या लहान टाकीत ठेवते. पाणी त्याच मोठ्या टाकीतलं, आणि अंड्यांच्या अगदी बाजूला एअरस्टोन, म्हणजे नराच्या परांचं काम बुडबुडे करतात. ज्यांना कुंडी हलवायची नाही त्यांनी अंधारात एका कोपऱ्यात टॉर्च धरावा. पिल्लं उजेडाकडे येतात, तिथून वाडग्याने पाण्यासकट उचलावी. जाळीने उचललेलं पिल्लू वाचत नाही.

हे पिल्लू तीन-चार मिलिमीटरचं असतं. पारदर्शक अंग, दोन डोळे, आणि पोटात इतकंच बलक की एक दिवस निघावा. दुसऱ्या दिवशी त्याला खायला मिळालं नाही तर ते गेलं. आणि ते खातं फक्त जे हलतं ते. पडून राहिलेला कण त्याला खाणं वाटतच नाही. म्हणून त्याला लागतात रोटिफर, म्हणजे खाऱ्या पाण्यातले साधारण मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढे जीव. काचेच्या ग्लासात घेऊन उजेडासमोर धरले तर पांढऱ्या धुळीसारखे दिसतात, फक्त ती धूळ स्वतःहून फिरत असते. आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची नुकती फुटलेली पिल्लंसुद्धा पहिल्या दिवसात त्यांच्या तोंडात मावत नाहीत. ती पाचव्या-सहाव्या दिवसापासून थोडी थोडी द्यायची.

बलक घातल्यावर काय होतं? पिल्लू त्याकडे बघत नाही. बलक तळाशी बसतो, उन्हाळ्यात चार तासांत कुजायला लागतो, पाण्यावर तवंग येतो, अमोनिया चढतो. सकाळी सगळी पिल्लं तळाशी पांढऱ्या धाग्यांसारखी. हा सल्ला कुठून आला ते मला माहीत आहे. गोड्या पाण्यातल्या गोल्डफिशच्या पिल्लांना आपल्याकडे कितीतरी जण बलक फडक्यातून गाळून घालतात आणि ती जगतात. तिथे चालतं. मेसेज लिहिणाऱ्याने ते उचलून समुद्राच्या माशाला लावलं. त्यापायी किती घरांत किती पिल्लं उपाशी मेली असतील, विचार करवत नाही.

ही माझी मतं नव्हेत. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीची पद्धत आपल्याच देशात बसवली, विळिंजम आणि मंडपमच्या केंद्रांवर. त्यांच्या पद्धतीचा गाभा हाच आहे: पिल्लांच्या टाकीत सूक्ष्म शैवालाचं हिरवं पाणी, त्यात भरपूर रोटिफर, मग आर्टेमिया. ज्याला शंका असेल त्याने संस्थेचं साहित्य वाचावं, मेसेज वाचू नये. लांब जायचं नसेल तर आपल्या ऐरोलीला किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रात राज्याच्या कांदळवन कक्षाच्या साथीने शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभी राहिली आहे. तिथेही बलक घालत नाहीत.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, मासे नंतर आणा, रोटिफर आधी वाढवा. 20 लिटरच्या दोन बादल्या, एक बिघडली तर दुसरी असावी म्हणून दोन, आणि त्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या. एकीचं पाणी दुसरीत पडू द्यायचं नाही. हवेची नळी मंद सोडायची. रोज नॅनोक्लोरॉप्सिस या सूक्ष्म शैवालाचं हिरवं पाणी घालायचं. सकाळी पाणी फिकं झालेलं दिसलं की समजायचं, रोटिफरने खाल्लं. रोज चौथा हिस्सा बारीक चाळणीतून काढायचा आणि तेवढं नवीन खारं पाणी भरायचं. पिल्लांच्या टाकीत रोटिफर दर मिलिलिटरला पाच ते दहा राहतील इतके हवेत, म्हणजे पिल्लाला खाणं शोधत फिरावं लागत नाही, तोंडासमोर येतं. माझी पहिली दोन वेळची पिल्लं मेली ती यासाठीच, बादलीतले रोटिफर ऐन वेळी मेले आणि पर्याय नव्हता. साधारण दहाव्या दिवशी पिल्लू तळाकडे यायला लागतं आणि डोक्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटतो. त्या दिवसापर्यंत जे पोचलं ते बहुतेक जगतं.

राहता राहिला लाखाचा हिशेब. इथेही एक गोष्ट खरी आहे, ती नाकारत नाही. चांगली जोडी खरोखरच दर दोन आठवड्यांनी अंडी घालते, आणि एका वेळी 300-400 अंडी ही काही मोठी गोष्ट नाही. पण अंडी म्हणजे विकायचे मासे नव्हेत. माझ्याकडे एका चांगल्या वेळी साधारण 300 फुटले आणि महिन्याअखेर 60 उरले, आणि मला त्याचा आनंद झाला होता. विकण्याजोगा आकार यायला आणखी चार-पाच महिने जातात. त्या काळात मरीन सॉल्ट, आरओ, वीज, शैवाल आणि उन्हाळ्यात पाणी गार ठेवणं हा खर्च थांबत नाही. पावसाळ्यात चार तास वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप लागतो. मेसेजमध्ये यातलं काही नाही. त्यात फक्त गुणाकार आहे.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग टाकी विकून टाकू?"

"अजिबात नको," मी म्हणाले. "बोअरचं पाणी काढ, काच नुसत्या पाण्याने धू. साबण लावू नकोस. मरीन सॉल्टचं पाणी भरून फिल्टर चालू ठेव, आत जीव काही घालू नकोस. आणि दोन बादल्या घेऊन ठेव. पुढच्या शनिवारी मी येते, माझ्याकडची रोटिफरची एक बाटली आणि हिरवं पाणी घेऊन येते."

"आणि मासे?"

"बादल्या दोन महिने सलग जिवंत ठेवून दाखव. मग माझ्याच जोडीची दोन पिल्लं देते तुला. एक लहान, एक मोठं."