दर तिसरा अमेरिकन टॅनिंग मशीनमध्ये झोपतो? नाही, झोपत नाही

उन्हाळा लागला की हा फॉरवर्ड हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा : अमेरिकेत दर तीन माणसांमागे एक जण काळं व्हायला मशीनमध्ये झोपतो, वर्षाला तीन कोटी लोक टॅनिंग सलूनमध्ये जातात, तिथे मॅकडोनाल्डपेक्षा ही दुकानं जास्त आहेत, सिगारेटपेक्षा जास्त कॅन्सर या मशीनमुळे होतो, आणि ते बिचारे भाजून घेतात, आपण गोरं व्हायला नुसतं क्रीम लावतो. खाली हात जोडलेले इमोजी.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी : माणूस आडवा मावेल एवढा पलंग, खाली आणि वरच्या झाकणात अतिनील किरण सोडणाऱ्या नळ्या. डोळ्यांवर छोटे गॉगल लावून काही मिनिटं पडून राहायचं. अंग तांबूस-तपकिरी होतं, कारण किरणांनी दुखावलेली त्वचा बचावासाठी मेलॅनिन हे रंगद्रव्य जास्त तयार करते.

आता ‘दर तीन माणसांमागे एक’. हा आकडा हवेतून आलेला नाही. २०१४ साली ‘जामा डर्मेटॉलॉजी’ या त्वचारोगांवरच्या वैद्यकीय नियतकालिकात अनेक पाश्चात्त्य देशांतल्या पाहण्या एकत्र करून एक आढावा छापून आला. त्यात आयुष्यात एकदा तरी टॅनिंग बेड वापरलेल्या प्रौढांचं प्रमाण ३५.७ टक्के निघालं. यात युरोप आहे, ऑस्ट्रेलिया आहे, अमेरिकाही आहे. एकट्या अमेरिकेचा हा आकडा नव्हेच. आणि ‘आयुष्यात एकदा तरी’ याचा अर्थ कॉलेजात असताना मैत्रिणीच्या लग्नाआधी एकदा जाऊन आलेली पन्नाशीची बाईसुद्धा यात धरलेली आहे. आयुष्यात एकदा तरी पंढरपूरला गेलेल्यांची संख्या मोजायची आणि एवढे लोक दरवर्षी वारी करतात म्हणून सांगायचं, असला हा प्रकार. त्याच आढाव्यात ‘गेल्या वर्षभरात’ वापरणाऱ्यांचा आकडा १४ टक्के आहे. तो फॉरवर्डमध्ये नाही.

अमेरिकेपुरतं बघायचं तर तिथे सरकारचं राष्ट्रीय आरोग्य मुलाखत सर्वेक्षण आहे, १९५७ पासून चालू असलेलं. त्यातला प्रश्न नेमका होता : गेल्या बारा महिन्यांत सनलॅम्प, सनबेड किंवा टॅनिंग बूथ किती वेळा वापरला? फवारून लावायचा रंग त्यात धरत नव्हते. २०१० साली साधारण साडेपाच टक्के प्रौढांनी वापरल्याचं सांगितलं, २०१३ साली ४.२ टक्के, २०१५ साली ३.५ टक्के. २०१३ चा हिशोब माणसांत मांडला तर ७८ लाख स्त्रिया आणि १९ लाख पुरुष. म्हणजे पंचवीस माणसांत एक.

यावर ठरलेला आक्षेप येतो की लोक सर्वेक्षणात खरं सांगत नाहीत. काही जण लपवत असतील, मान्य. पण चाराचे तेहेतीस व्हायचे तर वापरणाऱ्या दर आठांतले सात जण खोटं बोलले असं धरावं लागेल. टॅनिंगबद्दल एवढी लाज अमेरिकेत कोणाला वाटते?

तीन कोटींचा आकडा कुठला? २.८ ते ३ कोटी हा टॅनिंगच्या धंद्याने स्वतः सांगितलेला अंदाज. गिऱ्हाईक भरपूर आहे असं सांगण्यात धंद्याचं हित असतं. गंमत अशी की धोका किती मोठा हे दाखवायला टॅनिंगच्या विरोधकांनीही तोच आकडा उचलला. दोन्ही बाजूंच्या सोयीचा म्हटल्यावर तो तपासायच्या भानगडीत कोण पडतो! २०१३ च्या सरकारी हिशोबात एक कोटीही भरत नाहीत.

मॅकडोनाल्डचा मुद्दा मात्र एके काळी जवळजवळ खरा होता. २००९ च्या एका अभ्यासात ११६ मोठी अमेरिकी शहरं घेतली होती. शहरामागे सरासरी ४२ टॅनिंग सलून आणि ३० मॅकडोनाल्ड निघाली. पण दुकानं मोजून माणसं कळत नाहीत.

‘दर तिसरा’ एका ठिकाणी खरोखर सापडतो, आणि मला त्या सगळ्या फॉरवर्डमध्ये कामाची गोष्ट तीच वाटते. २०१० साली १८ ते २१ वयाच्या गोऱ्या मुलींमध्ये वर्षभरात टॅनिंग केलेल्यांचं प्रमाण ३१.८ टक्के होतं. शाळकरी मुलींचंही तसंच : २००९ साली हायस्कुलातल्या गोऱ्या मुलींमध्ये ३७.४ टक्के. म्हणजे हा ‘अमेरिकनांचा’ नाद नव्हताच. एका वयाच्या, एका वर्णाच्या मुलींचा होता. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींना ‘तुमच्याकडे सगळे हेच करतात ना?’ म्हणून विचारणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. त्याच शाळकरी मुलींमध्ये २०१५ पर्यंत प्रमाण १५.२ टक्क्यांवर आलं. मधल्या काळात बरंच घडलं होतं. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टॅनिंग उपकरणांना तंबाखूच्याच वर्गात, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. जुलै २०१० पासून टॅनिंगवर १० टक्के केंद्रीय कर लागला. कॅलिफोर्नियाने २०१२ पासून १८ वर्षांखालच्यांना बंदी घातली, पाठोपाठ इतर राज्यांनीही. फॉरवर्ड अजून उतरणीच्या आधीच्या काळातच अडकलेला आहे.

राहिला कॅन्सर. त्याच २०१४ च्या आढाव्यात अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलिया मिळून वर्षाला साडेचार लाखांहून जास्त साधे त्वचा-कर्करोग आणि दहा हजारांवर मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचे जास्त जीवघेणे कर्करोग, टॅनिंगच्या खाती मांडलेत. रुग्णांची संख्या सिगारेटमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगापेक्षा जास्त भरते हे खरं. पण त्यातले बहुतेक बेसल सेलसारखे, दवाखान्यात कापून काढता येणारे, क्वचितच जीव घेणारे. फुप्फुसाच्या कर्करोगाने त्या काळात एकट्या अमेरिकेत वर्षाला दीड लाखाच्या आसपास माणसं जात होती. सिगारेटने तो कर्करोग होण्याची शक्यता १५ ते ३० पट होते. पस्तिशीच्या आत टॅनिंग बेड वापरला तर मेलॅनोमाची शक्यता साधारण ६० ते ७५ टक्क्यांनी वाढते. दोन्ही वाईट, पण एका पारड्यात घालायची नाहीत.

म्हणून मशीन निरुपद्रवी ठरत नाही. मेलबर्नची क्लेअर ऑलिव्हर २००७ साली २६ व्या वर्षी मेलॅनोमाने गेली. शेवटच्या आठवड्यांत ती सोलॅरियमच्या, म्हणजे तिथल्या टॅनिंग सलूनच्या, धोक्याबद्दल उघडपणे बोलत होती. ऑस्ट्रेलियात बहुतेक राज्यांनी २०१५ पर्यंत हा धंदाच बंद केला. ब्राझीलने तर २००९ सालीच केला होता.

आणि ते शेवटचं वाक्य, ते बिचारे भाजून घेतात, आपण नुसतं क्रीम लावतो. नुसतं? आपल्याकडे गोरं व्हायला म्हणून केमिस्टकडून आणलेल्या कित्येक ट्यूबमध्ये बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल असतं, म्हणजे स्टेरॉइड. महिनोन्‌महिने तोंडाला लावलं की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसायला लागतात, ओठांवर-हनुवटीवर केस येतात, आणि बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून बाई परत तीच ट्यूब आणते. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड क्रीम डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. चिठ्ठी न मागता ती देणारा केमिस्ट शोधायला अजूनही फार चालावं लागत नाही.