हिल एंड: गोळ्याचं कौतुक पुरे, दारातली माणसं बघा

ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणींचं कुठलंही जुनं गाव घ्या, पहिली गोष्ट ऐकवतात ती कोणाला केवढा गोळा सापडला त्याची. हिल एंडचंही तेच. सिडनीपासून गाडीने चारेक तास, बाथर्स्ट सोडलं की वळणावळणाचा डोंगरी रस्ता आणि मग हे गाव. आज जेमतेम शंभरएक माणसं, एक पब, एक जनरल स्टोअर, आणि घरांच्या मधल्या मोकळ्या गवतात निवांत चरणारे कांगारू. १८७२ च्या सुमारास इथे ८ हजार लोक राहायचे आणि २८ पब होते हे तिथे उभं राहूनही पटत नाही.

मुळात हा विराजुरी या इथल्या मूळ आदिवासी लोकांचा मुलूख. १८५१ पासून सोनं सापडायला लागलं, आधी ओढ्यानाल्यांत, मग हॉकिन्स हिलच्या पोटात गारगोटीच्या शिरांमध्ये, आणि १९ ऑक्टोबर १८७२ ला स्टार ऑफ होप खाणीतून एक अखंड तुकडा निघाला, वजन २८६ किलो, उंची जवळपास दीड मीटर, आत अंदाजे ९३ किलो सोनं. खाणीतला एक भागीदार बर्नार्ड होल्टरमन, जर्मनीहून नशीब काढायला आलेला माणूस, तो म्हणाला फोडू नका, अंदाजे किमतीवर हजार पौंड जास्त देतो. कंपनीने ऐकलं नाही. दगड फोडला, सोनं काढलं, विषय संपला. त्या गोळ्यावर हात ठेवून रुबाबात उभा असलेला होल्टरमन सगळीकडे दिसतो ना, तो फोटो जुळवलेला आहे! माणूस वेगळा, गोळा वेगळा, मागचा व्हरांडा वेगळा, सगळं नंतर एकत्र केलेलं.

आणि म्हणूनच मला वाटतं की त्या गोळ्याचं कौतुक जरा जास्तच होतं. हे गाव आज आपल्याला कळतं ते बोफॉय मर्लिन आणि त्याचा तरुण असिस्टंट चार्ल्स बेलिस या दोन फोटोग्राफरांमुळे. काचेवर केमिकल लावायचं, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा, वाळायच्या आत अंधारात धुवायचा, एवढी यातायात. आणि एवढी करून काढलं काय? तर गावातलं घर न् घर, दुकान न् दुकान, आणि दारात उभी असलेली माणसं. खाटीक, चांभार, केमिस्ट, बायका, पोरं. झाडाच्या सालीचं छप्पर, रस्त्यात तोडलेल्या झाडांचे बुंधे अजून तसेच. फोटो झूम करत गेलं की दुकानावरच्या पाट्या वाचता येतात, माणसं ताठ उभी आहेत आणि कुत्रं तेवढं हललं म्हणून धूसर आलंय. हे बघताना मला अक्षरशः गहिवरून येतं. कुणीतरी त्या खाटकाला सांगितलं की बाबा तूही दारात उभा राहा, तुझाही फोटो घ्यायचाय.

होल्टरमनला याचं श्रेय द्यायलाच हवं, न्यू साउथ वेल्स या वसाहतीची ओळख जगाला व्हावी म्हणून त्यानेच या कामाला पैसा पुरवला. मर्लिन १८७३ मध्येच वारला, बेलिसने काम पुढे नेलं. नंतर त्या काचा विसरल्या गेल्या आणि १९५१ मध्ये सिडनीच्या चॅट्सवुड भागात एका घरामागच्या शेडमध्ये सापडल्या, सुमारे साडेतीन हजार! आता त्या न्यू साउथ वेल्सच्या स्टेट लायब्ररीत आहेत, युनेस्कोच्या यादीतही आहेत.

आपल्याकडे गावाचा इतिहास लिहायला बसलं की देऊळ, वाडा आणि पुढाऱ्यांचे सत्कार. पिठाची गिरणी चालवणारा, शिंपी, सायकलचं पंक्चर काढणारा, यांचा दुकानासमोरचा एक फोटो कुणाकडे सापडत नाही आणि याचं मला फार वाईट वाटतं.

असो. हिल एंडचा थाट काही वर्षंच टिकला. शिरा आटल्या, शेअर गडगडले, लोक पुढच्या खाणीकडे निघून गेले. १९४७ मध्ये रसेल ड्रायस्डेल आणि डोनाल्ड फ्रेंड हे चित्रकार इथे पोचले तेव्हा गाव ओस पडत चाललेलं, आणि ड्रायस्डेलने त्याच रिकामपणात क्रिकेट खेळणारी पोरं रंगवली. ते चित्र क्रिकेटवेड्या मराठी माणसाने एकदा तरी बघावं, प्रेक्षक नाहीत, गवत नाही, नुसत्या उंच भिंती आणि लांब सावल्या. चित्रकार अजूनही इथे राहून काम करायला येतात.

१९६७ मध्ये सरकारने गाव ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलं, आणि मला आवडलेली गोष्ट म्हणजे नुसतं म्युझियम करून टाकलं नाही, माणसं अजून राहतात. रिकाम्या प्लॉटवर मर्लिनच्या फोटोंच्या पाट्या लावल्यात. गवतात उभं राहायचं, पाटीवर बघायचं, इथे दुकान होतं, हे लोक दारात उभे होते.

जाणार असाल तर आधी लायब्ररीच्या वेबसाईटवर हे फोटो बघून जा, फुकट आहेत. अर्ध्या तासात पबसमोर सेल्फी काढून परत फिरू नका, एक रात्र राहाच. आणि गाडी उजेडात चालवा, संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात.