अर्धवट वाचणाऱ्यांची मतं का घेतली? : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुम्ही वेळ काढून मुद्देसूद लिहिलंत, तेव्हा उत्तरही तसंच द्यायला हवं. नाशिकच्या वाचकांच्या मतांच्या आमच्या संकलनावर तुमचे आक्षेप असे आहेत : कादंबरी, आत्मचरित्र, इतिहास आणि द्राक्षशेतीचं पुस्तक एकाच पंगतीला बसवलं, पुस्तक पूर्ण न वाचणाऱ्यांनाही बोलू दिलं, एकाच पुस्तकावरची दोन उलटसुलट मतं शेजारी छापून निवाडा दिला नाही, आणि पाचपैकी गुण देण्याचंही टाळलं. समीक्षा जाणकारांनी करावी, असंही तुम्ही शेवटी म्हटलं आहे.

गुण का टाळले, ते 'स्मृतिचित्रे'वरून सांगतो. लक्ष्मीबाई टिळक आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, त्यामुळे त्यांच्या आत्मचरित्रावर इथले वाचक भरभरून बोलतात. एका वाचकाने लिहिलं की गोष्ट झपाझप पुढे सरकते, कुठे रेंगाळत नाही. दुसऱ्या बाईंचं म्हणणं, मधल्या भागात गावं आणि माणसं इतकी येतात की धागा हातातून सुटतो. दोघांनाही आवृत्ती विचारली तेव्हा उलगडा झाला. पहिल्याने संक्षिप्त आवृत्ती वाचली होती, दुसरीने संपूर्ण. मूळ पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं. चौथा भाग लक्ष्मीबाईंच्या निधनामुळे अपुरा राहिला, तो मुलाने, देवदत्त टिळकांनी, पुरा केला. संक्षिप्त आवृत्ती त्यांचीच, आणि पुढे अशोक टिळकांनी संपादित केलेली 'अभिनव आवृत्ती'ही आली. आता पहिल्याचे पाच आणि दुसरीचे तीन गुण धरून सरासरी चार काढली, तर ते चार गुण नेमक्या कोणत्या पुस्तकाचे? दुकानात जाऊन ते पुस्तक मागणाऱ्याला या आकड्याचा काडीचाही उपयोग नाही. 'संक्षिप्त घ्या किंवा संपूर्ण घेतलंत तर मधल्या भागाला वेळ द्या' एवढं एक वाक्य मात्र उपयोगी पडतं.

म्हणून प्रत्येक मतासोबत आम्ही आवृत्ती मागतो. मुखपृष्ठ उलटलं की शीर्षकाच्या पानामागे ती छापलेली असते. तिथे 'पुनर्मुद्रण' असेल तर मजकूर जुनाच आहे असं समजायचं. 'सुधारित' किंवा 'संक्षिप्त' असेल तर ते वाचायला वेगळं पुस्तक आहे. 'दहावी आवृत्ती' या शब्दांवर मात्र विसंबू नका. पुष्कळदा ते फक्त पुनर्मुद्रण असतं. नव्या आवृत्तीसाठी लेखकाने किंवा संपादकाने वेगळं मनोगत लिहिलंय का आणि त्याखाली कोणती तारीख आहे, ते पाहिलं की खरं कळतं.

आता अर्धवट वाचणाऱ्यांकडे येतो, कारण तुमचा सगळ्यात मोठा राग तिथे आहे.

द्राक्षशेतीच्या पुस्तकावर पिंपळगाव पट्ट्यातल्या एका बागायतदाराचं मत आम्ही घेतलं. त्यांनी दोनच प्रकरणं वाचली होती, तुम्हाला ते खटकलं. पण शेतीचं पुस्तक कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचत नाही. एप्रिलची खरड छाटणी तोंडावर आली की ते प्रकरण उघडायचं, ऑक्टोबरची, फळासाठीची गोडी छाटणी आली की दुसरं. त्यांनी लिहिलं की काडीची निवड आणि घडांची विरळणी हा भाग आजही हाताशी ठेवावा असा आहे, पण फवारणीचं वेळापत्रक फाडून टाकावं. कारणही दिलं. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून घडनिर्मिती व्हावी म्हणून त्यात क्लोरमेक्वाट क्लोराईडची, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी असलेल्या 'सीसीसी'ची, शिफारस आहे. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत याचाच अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला आणि निर्यात अडकली होती. पुस्तक त्याच्या आधी छापलेलं. वर, कोणत्या औषधाच्या फवारणीनंतर किती दिवसांनी माल काढायचा, याचा तक्ताच त्यात नाही. भाषा ओघवती आहे की नाही हे सांगणारी दहा मतं एकीकडे आणि हे एक मत एकीकडे. यावर बागेतला माल पास होणं किंवा परत येणं अवलंबून आहे.

कादंबरीचा हिशेब वेगळा. तिथे अर्धवट वाचणाऱ्याला काही गोष्टी बोलायचा हक्क आहे, काही नाही. 'मृत्युंजय' नऊ भागांत आणि सहा जणांच्या तोंडून येते, कर्णापासून थेट श्रीकृष्णापर्यंत. कुंतीच्या कथनापाशी ज्याने पुस्तक मिटलं, तो अलंकारिक भाषेबद्दल बोलू शकतो, कारण ती त्याने कर्ण आणि कुंती या दोन्ही निवेदकांत अनुभवली आहे. सहा तोंडांची ही रचना साधली की फसली, हे त्याला सांगता येणार नाही. अशांच्या मतातला रचनेचा भाग आम्ही गाळतो आणि कोणत्या पानावर पुस्तक सोडलं ते मतापुढे छापतो.

पानाचा आकडा फार बोलका असतो. चार जणांनी चार वेगवेगळ्या जागी पुस्तक सोडलं, तर वेळ, सवड, आवड अशी ज्याची-त्याची कारणं असतात. चौघांनी वीसेक पानांच्या टप्प्यात सोडलं, तर अडचण पुस्तकात आहे, तिथली पानं नीट तपासायला हवीत. आणि अर्धवट सोडणाऱ्यांना वगळलं, तर मागे कोण उरतात? ज्यांना पुस्तक आवडत गेलं म्हणून ज्यांनी ते संपवलं, बहुतांशी तेच. मग प्रत्येक पुस्तक उत्तमच दिसणार.

उलटसुलट मतांबद्दल. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'वर एकाने लिहिलं की संवाद रचलेले आहेत, त्यांना आधार काय. दुसऱ्याने लिहिलं की वेढ्यातली उपासमार या कादंबरीने पहिल्यांदा अंगावर आणली. पहिल्या वाचकाने त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : १७६१' आधी वाचलेलं, तो घटनाक्रम ताडून पाहत होता. दुसऱ्याला छावणीतल्या माणसांचं काय झालं ते जाणून घ्यायचं होतं. एक खरा आणि दुसरा खोटा ठरवायचा प्रश्नच नाही. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. पुस्तक कशासाठी हातात घेतलं, हे आम्ही विचारतो ते याचसाठी. निवाडा आम्ही केला असता, तर या दोघांपैकी एका प्रकारच्या वाचकाची फसगत झाली असती.

वाचण्याची पद्धतही मत बदलते. 'श्यामची आई' साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये आपल्याच नाशिकच्या तुरुंगात लिहायला घेतली. तिच्या बेचाळीस रात्री ज्यांनी दोन बैठकांत संपवल्या, त्यांनी 'फार रडवते' अशी तक्रार केली. मुलांना रोज एक रात्र वाचून दाखवणाऱ्यांकडून ही तक्रार आली नाही.

मतं गोळा करताना कुठे घोळ होतो, तेही सांगतो. गटात आधी चर्चा झाली की मतं बिघडतात. ज्येष्ठ वाचक पहिल्यांदा बोलले, की बाकीचे माना डोलावतात. म्हणून आधी चिठ्ठीवर पाच ओळी लिहून घ्यायच्या, मग वाचायच्या, आणि नवख्यापासून सुरुवात करायची. वाचून पंधरवडा उलटायच्या आत लिहून घ्यायचं, नंतर फक्त कौतुक किंवा राग लक्षात राहतो. नाटक किंवा सिनेमा पाहिलेल्यांकडे, पुस्तकही वाचलंय याची खात्री म्हणून, एखादा उतारा पानासकट मागायचा. 'नटसम्राट'च्या बाबतीत हे हमखास करावं लागतं; शिरवाडकरांच्या गावात ते नाटक पाहिलेले पुष्कळ, पुस्तक उघडलेले त्या मानाने थोडे. भेट मिळालेल्या प्रतीवरचं मत असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. अनुवादित माहितीपर पुस्तक असेल तर मागे सूची आणि टिपा ठेवल्यात की गाळल्यात, हे आधी बघायचं.

राहिला 'खिचडी'चा, म्हणजे सगळ्या प्रकारची पुस्तकं एकत्र केल्याचा मुद्दा. इथे मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' या फिरत्या ग्रंथपेट्यांच्या उपक्रमात एकाच पेटीत कथा, चरित्रं, विज्ञान सगळं एकत्र असतं, कारण घरातली माणसं तशीच वाचतात. शिवाय मिश्र यादीतूनच मत देणारा पारखता येतो. तुम्ही स्वतः वाचलेली दोन पुस्तकं यादीत शोधा, एक ललित, एक माहितीपर. त्यांवर एकाच वाचकाने काय लिहिलं आणि कारण काय दिलं ते पाहा. कारणं पटली तर तिसऱ्या पुस्तकासाठी त्याचं ऐका. दरवेळी तुमच्या नेमकं उलट लिहिणारा वाचकही तितकाच कामाचा, त्याने नावाजलेलं पुस्तक तुम्ही खुशाल बाजूला ठेवू शकता. ललित आणि माहितीपर अशा दोन याद्या केल्या की ही सोय जाते.

जाणकारांच्या समीक्षेबद्दल मला मनापासून आदर आहे. परंपरेत पुस्तकाची जागा कोणती, लेखकाने आधीच्यांपेक्षा वेगळं काय केलं, हे समीक्षकच सांगू जाणे. वाचनालयाच्या काउंटरवर उभं राहून आज कोणतं पुस्तक घरी न्यावं, हा प्रश्न मात्र वाचकच वाचकाला विचारतो.

तुमच्या प्रतिक्रियेत 'पानिपत'वरचं पहिलं मत 'सरळसरळ चुकीचं' आहे असं एक वाक्य आहे. तुम्ही कोणती आवृत्ती वाचलीत, कोणत्या पानावरचे संवाद तुम्हाला साधार वाटतात आणि आधार कोणता, हे पाच-सहा ओळींत लिहून पाठवा. त्या दोन मतांच्या खाली तिसरं मत म्हणून ते जसंच्या तसं छापू.