टाइप केलेल्या मजकुराचे फोटो का पाठवता?

"पीडीएफ टाकली आहे ग्रुपवर, सगळ्यांनी वाचून या." काल रात्री पावणेनऊला सरांचा हा मेसेज आला. मी फाइल उघडली. माझा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, दोनच शब्द बोलला, "एम्प्टी डॉक्युमेंट." ६२ पानांची फाइल आणि आत काही नाही! रूममेटला बघायला सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मोबाइलवर काढलेले फोटो आहेत सगळे. चौदाव्या पानावर कुणाचा तरी अंगठा आलाय, तिथल्या तीन ओळी मलाही वाचता येत नाहीयेत."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. कारण हे पहिल्यांदा नाही, प्रत्येक सेमिस्टरला हेच. मला जन्मापासून दिसत नाही, एम.ए.ला राज्यशास्त्र घेतलंय, आणि माझा निम्मा वेळ राज्यशास्त्रात जात नाही, तर चित्रातून अक्षरं उकरून काढण्यात जातो.

आणि सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? त्या नोट्स सरांनी स्वतः कॉम्प्युटरवर टाइप करून घेतल्यात. म्हणजे मजकूर होता! वर्डची फाइल कुठल्या तरी कॉम्प्युटरवर आजही पडलेली आहे. तिची प्रिंट काढली, प्रिंटची झेरॉक्स काढली, झेरॉक्सचे फोटो काढले आणि त्या फोटोंची पीडीएफ करून मला पाठवली. चार वेळा मेहनत करून, जे मला वाचता येत होतं ते न वाचण्यासारखं केलं. मी वेगळं काही मागतच नाहीये हो. ब्रेलमध्ये छापून द्या म्हणत नाही, कुणी रेकॉर्ड करून द्या म्हणत नाही. पहिली फाइल होती ना, ती जशीच्या तशी पाठवा. त्याला एक मिनिट लागतं.

माझं काय होतं ते ऐका. आधी ती चित्रं ओसीआरमधून काढायची, म्हणजे सॉफ्टवेअरने अक्षरं ओळखून मजकूर बनवायचा. छापील इंग्रजी पान सरळ स्कॅन केलेलं असेल तर ते बरंचसं नीट येतं. आपली देवनागरी, त्यात वाकडा फोटो, त्यात झेरॉक्सचे काळे डाग! 'घ'चा 'ध' होतो, 'भ'चा 'म' होतो, 'थ'चा 'य' होतो. काल 'घटनादुरुस्ती' प्रत्येक ठिकाणी 'धटनादुरुस्ती' ऐकू येत होतं. शब्दांचं एक वेळ चालेल, संदर्भाने कळतं. आकड्यांचं काय करू? ७३वी घटनादुरुस्ती १९९२ची, ते ११९२ झालं. हे साल मला पाठ होतं म्हणून चूक पकडली. जे पाठ नाही ते चुकीचंच डोक्यात बसणार, तेच मी पेपरात लेखनिकाला सांगणार, आणि मार्क माझे जाणार. मग पान नंबर वाक्याच्या मध्येच घुसतो, तळटीप परिच्छेदाच्या पोटात जाते, तक्ता असेल तर विचारायलाच नको. रात्री दीडपर्यंत अकरा पानं साफ झाली. रूममेट शेजारी बसून अडलेले शब्द सांगत होती. तिचीही सोमवारी तीच टेस्ट आहे. तिच्या झोपेवर मी शिकायचं का?

कधी कधी अगदी टाइप केलेली फाइल मिळते आणि तरी हाताला काही लागत नाही. कारण डीटीपीवाल्यांचे ते जुने फॉन्ट! डोळ्यांना सुंदर मराठी दिसतं म्हणे. पण आत कॉम्प्युटरच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं भरलेली असतात. एका फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द मी बाणाची कळ दाबत अक्षर-अक्षर ऐकला : अंडरस्कोर, ए, एम, मोठा आर, ग्रेटर, आर. हे माझ्या कानावर पडलेलं 'मराठी'! युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिची पहिली आवृत्ती १९९१ला आली, देवनागरी तिच्यात होती. तीस वर्षांहून जास्त काळ झाला. आमच्या ऑफिसात अजूनही उत्तर एकच, "आमच्या टायपिस्टला तोच फॉन्ट जमतो."

यंत्रावर माझा राग नाही, हे मुद्दाम सांगते. मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर वापरते. मायकल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने २००६ साली ते सुरू केलं, पुढे जेम्स तेह त्याच्यासोबत आला, तोही अंधच. फुकट आहे, आणि त्याच्यामुळे मी आज इथवर आले. हिंदी आवाज लावला तर तो 'चूक'मधला च आणि 'चिंच'मधला च एकसारखाच म्हणतो, पण ते मी सवयीने समजून घेते. यंत्राने आपलं काम केलंय. त्याच्यापुढे अक्षरं तर ठेवा!

"ऑडिओ ऐक ना मग," असं सांगणारे भेटतात. ऑडिओत मला एखादं वाक्य शोधता येत नाही. 'दुरुस्ती'तला 'रु' ह्रस्व की दीर्घ, ते ऐकून कळत नाही. मजकुरात मी अक्षरावर थांबते, मागे जाते, तळटीप बघते. वाचणं आणि कुणीतरी वाचलेलं ऐकणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मला वाचायचंय.

पुस्तकांचीही तीच तऱ्हा. सुगम्य पुस्तकालय हे आमच्यासारख्यांसाठीचं ऑनलाइन ग्रंथालय २०१६पासून आहे, तिथली बरीच पुस्तकं मी वाचलीत, पण एम.ए.ची मला हवी असलेली मराठी संदर्भपुस्तकं तिथे मिळाली नाहीत. एका प्रकाशकांना फोन केला. म्हटलं, पुस्तक विकत घेते, बिल पाठवते, फक्त मजकुराची फाइल द्या. ते म्हणाले, "कॉपीराइटचा प्रश्न येतो, मॅडम." कसला प्रश्न? २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंग वाचकासाठी सुगम प्रत करायची मुभा स्पष्ट दिलीय. अंधांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या मराकेश कराराला २०१४मध्ये सगळ्यात आधी मान्यता देणारा देश आपला भारत! आणि त्याच देशात मी ३४० पानांचं पुस्तक शिवण उसवून स्कॅनरवर एकेक पान ठेवत बसते, पान सरळ आहे की उलटं हे रूममेटला विचारत.

विभागात बोलले नाही असं नाही. तीन अर्ज दिले. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा लिहिला, त्यातली कलमं लिहिली. दर वेळी सगळे प्रेमाने बोलतात. "तू खूप जिद्दी आहेस, बेटा." मला जिद्दीचं कौतुक नकोय! माझी जिद्द अभ्यासाला लागू दे, 'ध'चा 'घ' करण्यात कशाला संपवताय? शेजारचा मुलगा जे पान पाच मिनिटांत वाचतो, त्याला माझा जवळजवळ अर्धा तास जातो, आणि निकाल लागला की आम्ही दोघं एकाच यादीत.

आज सकाळी सरांना परत मेसेज केला : सर, या नोट्सची वर्ड फाइल मिळेल का, फोटो मला वाचता येत नाहीत. दुपारी उत्तर आलं. त्यांनी तीच पाने पुन्हा, जास्त उजेडात फोटो काढून पाठवली आहेत.

सोमवारी टेस्ट आहे. ५१ पानं अजून बाकी आहेत.