पोस्टमनच्या पोराचा पत्ता

मी ३३ वर्षं सोलापुरात टपाल वाटलं. त्यातली निम्म्याहून अधिक पूर्व भागात. साखर पेठ, दाजी पेठ, भद्रावती पेठ, अशोक चौक. तिथं एका बोळात पत्र मराठीतून यायचं, पुढच्या बोळात तेलुगूतून, कोपऱ्यावर कन्नडमधून, आणि पत्ता तिन्ही भाषांत सारखाच अपुरा. ‘तात्यांना मिळो, मारुतीच्या मागं, सोलापूर.’ आता सोलापुरात मारुती किती आणि तात्या किती! तरी पत्र तात्यांना मिळायचं. कारण शिक्का बार्शीचा आहे, तात्यांची थोरली बार्शीला दिलीय आणि तिला आठवा महिना चालू आहे, एवढं पोस्टमनला ठाऊक असायचं. १९७२ साली पिनकोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपलेच मराठी, शिवाय संस्कृत कवी. त्यांच्याबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण सहा आकडी कविता पत्र गावापर्यंत आणते, पुढं मारुती ओळखायला माणूसच लागतो.

सांगायचा मुद्दा, लोक घर बदलतात आणि पोस्टाला सांगत नाहीत, याचा सगळा त्रास मी अंगावर घेतलेला माणूस आहे. मिल बंद पडल्या तेव्हा तर चाळीच्या चाळी हलल्या. दारावर कुलूप, शेजारी म्हणणार, ‘गेले की ते.’ कुठं गेले? ‘गेले की.’ मग पाकिटावर इंग्रजीत शेरा मारायचा, ‘लेफ्ट’. असे शेरे मारताना दर वेळी मी मनात म्हणायचो, एक अर्ज टाकायला काय जातं या लोकांचं?

तर जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नऊ वाजता पिंट्याचा फोन आला. तो टेक्सासला असतो, म्हणजे त्याच्याकडं शनिवारची रात्र.

“अप्पा, झोपला नव्हता ना?”

“नाही. गड्ड्याची तयारी चाललीय. बोल.” (गड्डा म्हणजे आमची संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा. अक्षता, नंदीध्वज, शोभेची दारू सगळं त्यातलंच.)

“अप्पा, २०२३ ला गड्ड्यासाठी आलो होतो, तेव्हा मी परत नेमका कधी गेलो?”

पोरानं तीन वर्षांनी असं विचारलं की बापाला आधी वाटतं, पोलिसांचं काहीतरी आहे. तसं काही नव्हतं, किंवा थोडंसं होतं. पिंट्याला ग्रीन कार्ड मिळालं एप्रिल २०२१ मध्ये. पाच वर्षं भरत आली की अमेरिकेच्या नागरिकत्वाचा अर्ज करता येतो, आणि भरायच्या ९० दिवस आधीपासून पाठवता येतो. अर्जाचं नाव एन-४००. गेल्या पाच वर्षांत कुठल्या घरात कधीपासून कधीपर्यंत राहिलात, आणि २४ तासांहून जास्त देशाबाहेर कधी कधी होतात, हे सगळं त्यात तारखेनिशी लिहायचं. पाच वर्षांतले किमान ३० महिने माणूस प्रत्यक्ष तिथं असायला हवा, असा हिशेब.

पत्त्यांचा रकाना भरायला बसला आणि पिंट्याच्या लक्षात आलं, की आपण या काळात दोनदा घर बदललं आणि इमिग्रेशन खात्याला एकदाही कळवलं नाही. तिथं नियम असा, की परदेशी माणसानं घर बदललं की दहा दिवसांच्या आत खात्याला सांगायचं. एआर-११ नावाचा अर्ज आहे, घरबसल्या भरता येतो, पैसा एक लागत नाही.

“कुणाकुणाला कळवलं होतंस मग?”

“बँक, गाडीचा विमा, ऑफिस, नातीची शाळा, पोस्ट...”

“पोस्टाला कळवलं होतंस?”

“हो, पहिल्याच दिवशी. मला वाटलं, पोस्टाला सांगितलं की सगळ्यांना कळतं.”

खोटं कशाला बोलू, मला क्षणभर भरून आलं. पोस्टाबद्दल एवढी श्रद्धा! माझ्या बीटवर कुणी दाखवली नाही. पण तिथलं पोस्ट तिथल्या इमिग्रेशनला काही सांगत नाही. दोन्ही सरकारीच, पण एकमेकांशी बोलणं नाही. सख्ख्या जावा जशा.

“आणि अप्पा, कायद्यात २०० डॉलर दंड किंवा ३० दिवस कैद असं लिहिलंय. १९५२ चा कायदा आहे.”

फोन स्पीकरवर होता. आतून तिळगुळाचा पाक ढवळत असलेली ही उलथन्यासकट बाहेर आली.

“पोराला पत्त्यावरून तुरुंगात टाकतात?”

“टाकायला आधी पत्ता सापडायला पाहिजे की त्यांना,” मी म्हटलं.

यावर घरात कुणीही हसलं नाही. पिंट्यानं समजावून सांगितलं, की वकील म्हणतोय घाबरू नका, मुद्दाम लपवलेलं नाही, तर उशिरा का होईना एआर-११ भरा, मगच एन-४०० पाठवा, आणि मुलाखतीत विचारलं तर खरं काय ते सांगा. सूनबाईचा अर्ज वेगळा भरायचा, कारण तिथं नवऱ्यानं सांगितलं म्हणजे बायकोनं सांगितलं असं धरत नाहीत. नात तिथंच जन्मली, ती जन्मानं अमेरिकन. घरात फक्त तिलाच कुणी काही विचारणार नाही. सात वर्षांची आहे.

पत्त्याचं काम दहा मिनिटांचं होतं. अडलं होतं तारखेपाशी. बाकीच्या फेऱ्यांची तिकिटं त्याच्याकडं होती. २०२३ च्या जानेवारीत मात्र माझ्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, म्हणून त्यानं परतीचं तिकीट एकदा पुढं ढकललं, मग आणखी एकदा. शिक्के होते जुन्या पासपोर्टात. जुना पासपोर्ट होता एका खोक्यात. खोकं घर बदलताना गेलं. म्हणजे जिथून सुरू झालं तिथंच परत.

“गड्ड्याच्या आधी आलो, एवढं आठवतंय,” पिंट्या म्हणाला. “अक्षतेला संमती कट्ट्यावर होतो. ती तेरा तारखेला असते ना?”

“भोगीला असते. त्या वर्षी संक्रांत पंधराला होती.”

“मग चौदा?”

“पण ती येतानाची गोष्ट. तुला जातानाची पाहिजे.”

सोलापूरच्या माणसाला तारीख विचारू नये. आम्हाला नंदीध्वज कुठल्या चौकात होते ते आठवतं. शोभेच्या दारूला थंडी किती होती ते आठवतं. त्याच्या पुढं-मागं आयुष्यात जे घडलं, ते ‘गड्ड्याच्या आधी’ आणि ‘गड्ड्यानंतर’. अमेरिकेच्या अर्जात असा रकाना नाही.

मी डायरी लिहितो, पण तेव्हा डोळ्यावर पट्टी होती. मग आमच्या हिला आठवलं, की आपण कॅलेंडरवर लिहितो. दूध किती, गॅस कधी लागला, आणि नळाला पाणी कधी आलं. हे शेवटचं इतर गावच्या वाचकांसाठी सांगतो. उजनी भरून वाहत असलं तरी आमच्याकडं पाणी रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येतं, आणि ते कधी येणार याचा अंदाज बांधायला मागच्या तारखा लागतात. त्यामुळं सोलापूरच्या कुठल्याही स्वयंपाकघरातलं कॅलेंडर हा विश्वासार्ह पुरावा आहे.

“कुठंय २०२३ चं?”

“फडताळात.”

फडताळात म्हणजे ठेवलेलं नव्हे, अंथरलेलं. जुन्या कॅलेंडरचा कागद जाड, म्हणून ही दर वर्षीची पानं डब्यांखाली घालते. मी एकेक डबा उतरवायला घेतला. ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, काळा मसाला, कडक भाकरीचा पत्र्याचा डबा. तासाभरात ओटा, जमीन, जेवणाचं टेबल सगळं भरलं. कपाटाच्या वरच्या खणात २०१९ चा मे, २०२२ चा ऑक्टोबर. मधल्या खणात २०२३ चा श्रावण. फेब्रुवारी निघाला सगळ्यात खालच्या खणात, शेंगाचटणीच्या बरणीखाली. बरणीच्या बुडाचं तेल पहिल्या आठवड्यात गोल उतरलं होतं. कागद तेलानं असा पारदर्शक झालेला, की तारखांतून मागच्या पानावरची कुठलीशी पाककृती दिसत होती. चार तारखेवर ‘चवीनुसार मीठ’.

मी पान खिडकीला धरलं. आता डोळे दोन्ही शाबूत आहेत.

“दूध बघा,” ही म्हणाली. “आपण दोघं असलो की एक लिटर. तो आला की दोन.”

दोन लिटर सहा तारखेपर्यंत होतं. सातला एक.

“म्हणजे सहाला गेला.”

ही काही बोलली नाही. मग म्हणाली, “दूधवाल्याला दोन दिवस सांगायचं राहिलं होतं.”

“राहिलं म्हणजे?”

“राहिलं. दोन दिवस दोन लिटर घेतलं. बासुंदी केली, तुम्हीच खाल्लीत.”

म्हणजे घरातलं माणूस कमी झाल्याचं दूधवाल्याला वेळेत न कळवण्याचा गुन्हा आमच्याकडंही घडला होता. मी पुढं काही विचारलं नाही. पाण्याकडं वळलो. ‘पा.’ ही खूण ४ आणि ८ फेब्रुवारीला होती, म्हणजे चार दिवसांच्या हिशेबानं त्याआधी ३१ जानेवारीला. आणि पिंट्या गेला त्या दिवशी पाणी आलं होतं हे मला पक्कं आठवत होतं. कारण जाता जाता ‘अप्पा, मी टाकी भरतो’ म्हणून त्यानं मोटर लावली, निरोपाच्या गडबडीत बंद करायची राहिली, टाकी ओसंडून खालच्यांच्या पापडांवर धार लागली आणि तो सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये सुखानं झोपला असताना मी खालच्यांची माफी मागत होतो. ८ तारीख असू शकत नाही, तेव्हा दूध एकवर आलेलं. ३१ ला डोळ्याची पट्टी काढायला तो माझ्याबरोबर होता. शिवाय वंदे भारत सुरू झाली १० फेब्रुवारीला, आणि ती आठवडाभर आधी असती तर मी दिवसाउजेडी गेलो असतो, असं तो नंतर फोनवर म्हणाला होता. तर ४ फेब्रुवारी, शनिवार, रात्रीची गाडी. रविवारी मुंबईहून विमान.

मी पानाचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘अप्पा, बरोबर! पाचला निघून पाचलाच पोचलो होतो. आणि सिलिंडर १९ दिवसच कसा पुरला?’

दुपारी हिनं हळूच विषय काढला. “नागरिक झाला म्हणजे तो आपला पासपोर्ट परत करणार?”

करावा लागणार. आपल्याकडं दुहेरी नागरिकत्व नाही. मग ओसीआय कार्ड घ्यायचं, म्हणजे व्हिसाशिवाय हवं तेव्हा येता येतं, हवं तितकं राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

“आणि मंगळवेढ्याचं आपलं रान?”

“वारसानं मिळालं तर चालतं.”

“मिळालं तर म्हणजे?” ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही त्या वाक्याच्या पुढं गेलो नाही. तीन एकर ज्वारी आहे. पिंट्याला आजवर हुरड्यापलीकडं तिच्यातलं काही कळलेलं नाही.

संध्याकाळी मी त्याला फोनवर चांगलं सुनावलं. पोस्टमनचा पोरगा आणि पत्ता कळवत नाहीस! माझ्या बीटवर असतास तर ‘लेफ्ट’ शेरा मारून पाकीट परत पाठवलं असतं. तो ऐकत होता. मग म्हणाला, “अप्पा, तुमच्या आधारवर कुठला पत्ता आहे?”

आम्ही २०२२ च्या दसऱ्याला साखर पेठेतलं घर सोडून जुळे सोलापूरला आलो. हिनं पहिल्या महिन्यात आपले सगळे कागद बदलून घेतले. मी म्हटलं, माझं काय, अख्खी साखर पेठ मला ओळखते. माझं टपाल अजून जुन्या शेजाऱ्यांकडं येतं. ते ठेवून घेतात, मी दर गुरुवारी जातो, चहा होतो, चार गोष्टी होतात, टपाल घेऊन येतो. पत्ता बदलला की गुरुवार गेला. हे मी पिंट्याला सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, “करायचंय ते.”

“सव्वातीन वर्षं झाली, अप्पा. दहा दिवसांची मुदत होती.”

“इथं नाही अशी मुदत.”

पण शब्द लागला. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पोराला घेऊन आधारच्या संकेतस्थळावर बसलो. राहण्याचा पुरावा द्या म्हणे. फ्लॅट हिच्या नावावर आहे, कारण बाईच्या नावानं घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत. म्हणून वीजबिल हिच्या नावावर. घरपट्टी हिच्या नावावर. गॅससुद्धा. या घरात माझ्या नावावर असलेली एकमेव वस्तू म्हणजे पेन्शन, आणि ती साखर पेठेच्या पत्त्यावर.

शेजारचा पोरगा हुशार. म्हणाला, “काका, टेन्शन नको. कुटुंबप्रमुखाच्या आधारवरून करता येतं. काकूंचा नंबर टाकायचा, नातं दाखवायला रेशनकार्ड जोडायचं. काकूंना मेसेज जाईल, त्यांनी मंजुरी दिली की झालं.”

“आणि नाही दिली तर?”

“३० दिवस असतात त्यांना.”

अर्ज गेला. स्वयंपाकघरात हिचा फोन वाजला. मी दारात जाऊन उभा राहिलो. ओट्यावर कालपासून डबे तसेच होते, शेंगाचटणीची बरणी खुर्चीवर. हिनं चष्मा लावला, मेसेज दोनदा वाचला, फोन पालथा ठेवला.

“आधी फडताळ लावा,” ती म्हणाली.